डिस्पोजलची गाडी



या व्यासपीठावर काल वेदान्तावर भाषण झाले, उद्या साखर कारखानदारीवर होणार आहे, आणि या दोहोंच्या मध्ये चिटणिसांनी एका लेथवाल्याला आणून उभे केले आहे. हा माझा गौरव आहे की वेळापत्रकातली भोकपट्टी आहे, याची चौकशी मी केलेली नाही. मोटार दुरुस्त कशी करावी हे मी आज सांगणार नाही. ती विद्या बोलण्याने येण्यासारखी असती, तर माझ्या कारखान्यात उमेदवारी करून गेलेली सगळीच पोरे एव्हाना पारंगत व्हावयास हवी होती, कारण बोलण्यात मी कधी कसर केलेली नाही.

आज सभागृहाबाहेर वडाखाली जी हिरवी, बुटकी, रुंद तोंडाची गाडी उभी आहे, तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे. दोन वर्षांपूर्वी मुंबईचे एक हौशी गृहस्थ ती पाहावयास आले होते. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली पाहिले आणि विचारले, "गाडी मूळ स्वरूपात आहे ना?" मी "हो" म्हणावयास तोंड उघडले आणि शब्द बाहेर येईना. "नाही" म्हणावे, तर तेही खरे वाटेना. त्या एका प्रश्नाचे उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. आजचे व्याख्यान म्हणजे तो शोधच आहे, असे समजा.

प्रथम या जातीच्या गाड्या आपल्या मुलखात आल्या कशा ते सांगतो. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी अमेरिकनांनी आणि इंग्रजांनी आणलेली वाहने आसामापासून देवळाली-देहूरोडपर्यंत ठिकठिकाणी पडून राहिली. ती परत अमेरिकेस न्यावयाची, तर जहाजाचे भाडेच गाडीला भारी. १९४६ च्या मे महिन्यात अमेरिका आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात युद्धकाळातल्या देण्याघेण्याची तडजोड झाली आणि इथला अमेरिकन माल हिंदुस्थान सरकारच्या हवाली झाला. मग लिलाव सुरू झाले. जीपा, ट्रक, तंबू, बूट, पाण्याच्या टाक्या, सगळे विकावयास निघाले. सरकारी खात्याच्या नावात 'डिस्पोजल्स' हा शब्द होता. लोकांनी तो उचलला आणि 'डिस्पोजलचा माल' हा मराठी शब्द झाला. माझ्या लहानपणी घरात डिस्पोजलचा एक खाकी कोट होता. तो तीन भावांनी वापरला आणि अखेर त्याची पिशवी झाली. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे गाडीचे नेमके तेच झाले.

गाड्यांबरोबर माणसेही सुटली. त्या युद्धात हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख लोक होते आणि सातारा जिल्ह्याला तर पलटणीचे वेड आधीपासूनचे. ज्या आपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जण कामी आले, त्याच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लावतात. बैलाच्या शेपटीखेरीज दुसरे काही न पिळलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना सैन्याने स्टिअरिंग धरावयास शिकविले होते. ही मुले १९४६-४७ साली बिल्ला आणि पगाराची शिल्लक घेऊन घरी आली. इकडे लिलावात गाड्या, तिकडे गावात ड्रायव्हर. दोघांची गाठ पडावयाला वेळ लागला नाही. रस्ते कच्चे, ओढ्यांवर पूल नाहीत, आणि गाड्या तर चिखलात चारही चाकांनी ओढणाऱ्या. उतारूंची सर्व्हिस, गुळाच्या ढेपा, हळदीची पोती, लग्नाचे वऱ्हाड, जे मिळेल ते या गाड्यांनी वाहिले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे उतारूंची वाहतूक हळूहळू सरकारकडे गेली. मालाची मात्र खाजगी राहिली. म्हणून ज्या डिस्पोजलच्या गाड्या टिकल्या, त्या बहुतेक माल वाहणाऱ्या म्हणून टिकल्या.

आमची गाडी डॉज कंपनीची, पाऊण टनी, चारचाकी ओढीची. अमेरिकन सैन्यात तिला शस्त्रवाहक म्हणत. १९४२ ते १९४५ या काळात या नमुन्याच्या पावणेदोन लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. समोर सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, ३.८ लिटरचे, ९२ अश्वशक्तीचे. त्याच्या झडपा माथ्यावर नसून बाजूला, ठोकळ्यातच बसविलेल्या असतात, म्हणून वरचे झाकण इडलीपात्रासारखे सपाट. हे इंजिन हलक्या पेट्रोलवर चालते, तापले तरी रुसत नाही, पण पिते मात्र ऐनवेळी आलेल्या पाहुण्यासारखे. वर कापडी टप, पुढची काच बोनेटवर आडवी पाडता येते, मागे लोखंडी हौदा, त्यात समोरासमोर दोन बाकडी. स्टिअरिंग डाव्या बाजूला. अमेरिकन हिशेबाने वेग ताशी ५४ मैल, पण गिअरच्या चाकांची गती एकमेकांशी जुळवून देणारी सोय आतमध्ये मुळीच नाही. क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा आवाज कानाने जोखून गिअर टाकावा लागतो. तो चुकला की सबंध पेठेला कळते.

आता ही गाडी मला मिळाली कशी ते सांगतो. ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा महापूर आपणां सर्वांना आठवत असेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पाणी ओसरल्यावर महिन्याभराने एका ओळखीच्या भंगारवाल्याने मला सांगितले, की हरिपूरच्या वाटेवर एका जुन्या वखारीत गाळात रुतलेली मिलिटरीची गाडी आहे, मालक विकतो आहे. हरिपूर म्हणजे हळदीच्या पेवांचे गाव. जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद साठवीत असत. २००५ च्या पुराने त्यांतली पुष्कळ पेवे गेली. या वखारीच्या मालकांचे घराणेही गूळ-हळदीच्या व्यापारातले. मालक ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. त्यांच्या वडिलांनी १९४७ साली लिलावात गाडी घेतली होती. त्यांच्या घरात तिला 'डाज' म्हणत, जणू ती सून आहे.

मी गेलो तेव्हा गाडीच्या अर्ध्या चाकांपर्यंत गाळ वाळून खडक झाला होता. बोनेटमध्ये चिमण्यांचे घर होते. मागे लोखंडी हौदा नव्हताच. त्या जागी लांबलचक लाकडी हौदा, जाड फळ्यांचा, तिन्ही बाजूंना उघडणारे फाळके. समोर पेट्रोल इंजिनही नव्हते. पर्किन्सचे डिझेल होते. माझा जरा हिरमोड झाला. मी अमेरिकन पुस्तिकेतले चित्र मनात धरून गेलो होतो आणि पुढे आली ती गुळाची गाडी.

सौदा झाला. निघताना आजोबा म्हणाले, "गाडी न्या. पैशाचं काय न्हाई. पर हौदा मोडू नगा. लई मन लावून केलाय त्यो." मी म्हणालो, "नाही मोडत, आजोबा."

बंधुभगिनींनो, मी तो मोडला.

साताऱ्याला गाडी ट्रेलरवर आणली. पुरात बुडालेल्या इंजिनाला कोणी आधी हँडल मारू नये, हे एक तत्त्व मी इथे जाता जाता सांगून ठेवतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांच्या दुचाक्या पुरात सापडतात. सिलिंडरात पाणी असेल, तर ते दबत नाही. मग दांडा वाकतो. आम्ही डिझेलच्या तोट्या काढल्या, सहाही सिलिंडरांत तेल ओतले आणि आठ दिवस गाडीकडे पाहिलेही नाही. मागच्या क्राऊनच्या पेटीचा बोल्ट सैल केला तर आतून ताक बाहेर आले. तेलात पाणी घुसळले की ते तसेच पांढरे होते. पाट्यांच्या मधून, ब्रेकच्या ड्रममधून, दिव्यांच्या वाट्यांमधून कृष्णेचा गाळ निघतच राहिला. त्यातून दोन हळकुंडेही निघाली.

पुढे २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. कारखाना बंद, पोरे आपापल्या गावी, मी आणि गाडी. माझ्या डोक्यात 'मूळ स्वरूप' पक्के बसले होते. जे कारखान्यातून आले ते खरे, नंतर जे जडले ते सगळे मळ. आणि मळ काढणे म्हणजेच जीर्णोद्धार. या हिशेबाने मी पहिल्यांदा लाकडी हौद्याला हात घातला. फळ्या काळवंडलेल्या, कडांना कुजलेल्या. मी त्या एकेक उचकटल्या आणि दारामागे रचल्या. उन्हाळ्यानंतर पाऊस लागला, आणि घरच्या पाणी तापवायच्या बंबात त्या गेल्या. सांगावयास लाज वाटते, पण पाणी छान तापत असे.

फळ्या निघाल्यावर खालचा सांगाडा दिसू लागला, आणि मी खाली बसलो.

हौदा आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या बाजारच्या नव्हत्या. त्या बैलगाडीच्या चाकाच्या धावा होत्या, तापवून सरळ केलेल्या. झिजलेल्या धावेचे लोखंड इतके चिवट असते, की ते वाकते पण तुटत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हौदा लांब करावयाचा म्हणून गाडीची चासी मागून दोन-अडीच फूट वाढविली होती. वाढविलेला तुकडा जोडताना लावलेली पट्टी टोकाला सरळ कापलेली नव्हती, तिरकी तासलेली होती. आणि चासीच्या वरच्या व खालच्या पदरांना एकही भोक नव्हते. सगळे रिबीट मधल्या उभ्या भागात.

यात नवल काय, असे आपणांस वाटेल. ओला बांबू हातात घेऊन वाकवून पाहा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि मधल्या धाग्यांना फारसे कळतही नाही. गाडीच्या चासीचे तसेच आहे. ओझे पडले की वरचा आणि खालचा पदर सगळे सोसतात. तिथे भोक पाडले की त्या भोकापासून तडा सुरू होतो. सहा महिन्यांनी नाहीतर सहा वर्षांनी चासी तिथेच मोडते. मधल्या भागात भोक पाडले तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. पट्टीचे टोक सरळ कापले तर सगळा ताण एका रेषेवर येतो, तिरके कापले तर तो हळूहळू वाटला जातो. हे सारे आज अभियांत्रिकीच्या वर्गात गणिताने शिकवितात. त्या मिस्त्रीला ते कोणी शिकविले होते? शिवाय रिबीट तापवून मारलेले. तापला रिबीट निवताना आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांना ओढून धरतो. पन्नास वर्षांत त्यातला एकही हललेला नव्हता. माझ्या स्वतःच्या कारखान्यातून गेलेल्या किती कामांविषयी मला असे म्हणता येईल, याचा विचार मी त्या रात्री केला आणि नंतर सोडून दिला.

मी आजोबांना फोन लावला. हौद्याचे काही बोललो नाही. फक्त विचारले, की हे काम कुणी केले? त्यांनी सांगितले, की कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या अलीकडच्या दिवाळीत, म्हणजे १९६७ साली, गाडी डिझेलवर केली, आणि त्याच सुमारास चासी वाढविली. मिस्त्री आधी किर्लोस्करवाडीला कामाला होते, नंतर सांगलीत स्वतःचे दुकान टाकून बसले. लाकूडकाम त्यांच्या मेव्हण्याने केले, जो एरवी बैलगाड्या करी. धावांचे कोडे तिथे सुटले.

इथे जरा वाकडी वाट करतो. आपल्या या दोन जिल्ह्यांत असे हात कुठून आले, हे पाहण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना मांडला आणि नांगर ओतावयास सुरुवात केली. सातारारोडला धनजीशा कूपरांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने होऊ लागली; देशात ती करणाऱ्या पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. या कारखान्यांनी नांगर आणि इंजिने तर दिलीच, पण साचेवाले, टर्नर, फिटर असे शेकडो लोक तयार केले. त्यातला जो उठला, त्याने तालुक्याच्या गावी लेथ टाकला. माझे स्वतःचे गुरू अशाच एका भट्टीतले. कारखान्यांचे इतिहास लिहिले गेले आहेत. या फुटून गेलेल्या फांद्यांचा कोणी लिहिलेला नाही. त्यांची कामे गाड्यांच्या पोटाखाली आहेत, आणि माझ्यासारखा शहाणा ती उचकटून बंबात घालतो.

डिझेलचे तसेच. गाडी डिझेलवर करणे हे मला आधी भ्रष्टाचरण वाटत होते. हिशेब पाहा. पेट्रोल महाग, इंजिन खादाड, आणि युद्धातल्या इंजिनाचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ. उलट, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो जातीचे ट्रक निघत, आणि त्यांना पर्किन्सची सहा सिलिंडरांची डिझेल इंजिने बसत. ती इंजिने मद्रासला सिम्पसन कंपनी करी. म्हणजे इंजिन मिळणारे, भाग मिळणारे आणि नातलग डॉजचेच. आमच्या मिस्त्रीने कुंभार्ली घाटात उलटलेल्या एका डॉज ट्रकचे इंजिन, क्लचच्या घंटेसकट, उचलले. पर्किन्स जड, म्हणून पुढच्या कमानीत दोन पाटे वाढविले. पर्किन्सचे फेरे कमी. पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,२०० फेऱ्यांवर जी शक्ती देते, ती पर्किन्स २,४०० वर देते, आणि तीही ८३ अश्वांचीच. मागचा क्राऊन तोच ठेवला, तर ५४ मैलांचा वेग ४० वर येतो. मिस्त्रीने तो तसाच ठेवला. सांगलीच्या बाजारात गूळ घेऊन जाणाऱ्या गाडीला ४० मैल पुष्कळ झाले.

तरीही मी पेट्रोल इंजिनाचा नाद सोडला नव्हता. पुण्याकडच्या एका व्यापाऱ्याकडून या गाडीचे जुने इंजिन घेतले. "एकदम सुरू आहे," असे त्याने सांगितले होते. उघडले तर झडपेच्या बैठकीपासून सिलिंडरापर्यंत तडा. बाजूच्या झडपांच्या इंजिनांचा हा जुनाच रोग आहे. बिडाला सरसकट वेल्डिंग करता येत नाही, दुसरीकडे तडकते. म्हणून तड्याच्या रेषेवर एकाला लागून एक बारीक भोके पाडून, आटे पाडून, खिळ्यांची शिवण घालावी लागली. चार महिने गेले. इंजिन बाकड्यावर सुरू झाले, तर पंपातला जुना रबरी पडदा तीन आठवड्यांत विरघळला. आजच्या पेट्रोलमध्ये आपल्याच उसाचे इथेनॉल असते ना! ज्या गाडीने जन्मभर उसाचा गूळ वाहिला, तिच्यावर उसाने असा सूड घ्यावा, याची गंमत वाटली. नव्या रबराचा पडदा घातल्यावर ते इंजिन आता फार गोड चालते.

इथे कायद्याने आणखी एक दरवाजा उघडला आणि लगेच लावून घेतला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपलीकडच्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. 'व्हिंटेज' म्हणून वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. गाडी प्रदर्शनाला, फेरीला न्यावी, रोजच्या किंवा भाड्याच्या कामाला लावू नये. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी. चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मी आशेने जुने नोंदणीपुस्तक काढले. त्यात इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल' शाईने खोडून 'डिझेल' लिहिलेले, खाली शिक्का आणि सही. म्हणजे १९६७ साली मिस्त्रीने आणि मालकाने जे केले ते सरकारदरबारी रीतसर नोंदवून केले होते. इंजिनात बदल करावयाचा, तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने परवानगी लागते. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की निर्मात्याने दिलेल्या नमुन्याशी विसंगत फेरफार चालणार नाही. आता मौज पाहा. अमेरिकन निर्मात्याच्या हिशेबाने गाडी बदललेली आहे. नोंदणीपुस्तकाच्या हिशेबाने मी तिला पुन्हा पेट्रोलवर केली, तर बदल मी केला असे होईल. मूळ कुठले धरावयाचे? कायद्याला मी दोष देत नाही. रस्त्यावर कोणीही उठून चासी कापू लागला, तर माणसे मरतील, आणि मरतातही. पण हे नियम कपाटातल्या गाडीसाठी केलेले आहेत. राबलेल्या गाडीसाठी त्यांत रकाना नाही.

याच काळात आपल्या शेजारी, देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने भंगारातून छोटी चारचाकी बनविल्याची बातमी गाजली. दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी ती गाडी डिसेंबर २०२१ मध्ये सर्वांच्या तोंडी होती. ती नियमांत बसत नाही हे उघड होते. आनंद महिंद्रांनी ती मागून घेतली आणि २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या, मीही वाजविल्या. पण मनात आले, की त्या माणसाला बोलेरो मिळाली, आणि त्याची गाडी गेली. ती तयार करताना त्याच्या हातांना जे कळले, ते पुढच्या पोराला शिकवावयास समोर काय राहिले?

असो. मी ठरविले ते असे. पर्किन्स गाडीतच राहील. पेट्रोल इंजिन बाकड्यावर राहील. तंत्रशिक्षणाची मुले येतात, झडपा बाजूला कशा असतात ते पाहून जातात. वाढविलेली चासी वाढविलेलीच राहील. आणि हौदा पुन्हा करावयाचा, जुन्या धावा वापरून.

एक बदल मात्र मी माझ्या पदरचा केला, आणि त्याची हकीकत माझ्या शहाणपणाची नाही. या गाडीच्या ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच. कुठेही नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. एक रबरी नळी बाहेरून चांगली दिसली, म्हणून मी तीच ठेवली होती. दोनशे रुपये वाचविले. २०२३ च्या हिवाळ्यात गाडी पहिल्यांदा यवतेश्वरच्या घाटात नेली. चढताना पर्किन्स असा गात होता, की मला मुंबईचे ते गृहस्थ भेटते तर बरे, असे वाटले. उतरताना दुसऱ्या वळणाच्या आधी पाय एकदम फळीला टेकला. नळी आतून कुजलेली होती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, म्हणून इंजिनाने तिला धरले. आणि हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या दांड्यावर आहे, त्याचा तेलाशी संबंध नाही, म्हणून आज मी आपल्यापुढे उभा आहे. डोंगराच्या अंगाला चाक घासून गाडी थांबली. शेजारी बसलेला माझा सोळा वर्षांचा क्लीनर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मामा, मी चालत येतो." खालपर्यंत तो खरोखर चालत आला, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्यानंतर मी ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग केले, पुढचा वेगळा, मागचा वेगळा, आणि तो बदल कागदोपत्री रीतसर दाखविला. मूळपणाच्या नावाने जो माणूस जुनी रबरी नळी ठेवतो, त्याला घाटात नेऊन सोडावे.

क्लीनर हा शब्द आला म्हणून सांगतो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला इशारा देणारी चालू यंत्रणा असल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही, असा कायदा आहे. आम्ही दिवे बसविले आहेत. पण पुढच्या ट्रकला ओलांडावयाचे, तर समोरचा रस्ता ड्रायव्हरला दिसतच नाही. उजवीकडे बसलेल्याने मान बाहेर काढून "येऊ द्या" म्हणावे लागते. ही गाडी एकट्याने चालविता येत नाही. मिस्त्रीने इतके काही बदलले, पण स्टिअरिंग डावीकडेच ठेवले. का, ते मी आजोबांना विचारले. ते म्हणाले, "ड्रायव्हर बर्म्याला तसाच शिकला हुता. त्याला उजवीकडं बसवला तर त्यो गिअर काय दाराबाहेर टाकणार?"

आता हौद्याचे. आजोबांना सांगणे भागच होते. गेल्या वर्षी सांगलीला गेलो आणि सरळ म्हणालो, "आजोबा, मी हौदा मोडला. फळ्या जाळल्या." त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. चहा आला, मी प्यालो, उठलो. दारापर्यंत आल्यावर मागून आवाज आला, "धावा ठेवल्यात का?" मी "हो" म्हणालो. तेव्हा त्यांनी आतून एक कागद आणविला. हौद्याची मापे होती, मेव्हण्याच्या हातची, पेन्सिलने काढलेली. फूट-इंचांत नव्हे, हात-बोटांत. प्रश्न असा, की कुणाचा हात? मेव्हणे तर कधीच वारलेले. शेवटी गाडीवरच्या धावांतल्या जुन्या भोकांची अंतरे मोजली, कागदावरच्या बोटांनी भागली, आणि त्या सुताराच्या बोटाची रुंदी काढली. पाऊण इंचाला किंचित कमी भरली. तेवढ्यावर सबंध हौदा उभा राहिला. लाकूड बाभळीचे आणि सागाचे. सागवान आज जाडीला परवडत नाही, म्हणून फळ्या जरा पातळ घेतल्या.

गेल्या दिवाळीत गाडी घेऊन सांगलीला गेलो. कऱ्हाडवरून, सावकाश, चाळीस मैलांच्या आत. आजोबांना दोघांनी धरून अंगणात आणले. त्यांनी बोनेटकडे पाहिले नाही, रंगाकडे पाहिले नाही. काठीने फाळका ठोकला, दोनदा, आणि कान देऊन ऐकला. मग हाताने फळीची कड चाचपली. म्हणाले, "पातळ झाल्यात." मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने म्हणाले, "मग मागचा एक पाटा कमी करा. न्हाईतर रिकामी गाडी आपटंल."

तो पाटा मी कमी केला आहे. गाडी आता आपटत नाही.

व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी खुशाल पाहावी. हौद्यावर एका वेळी चौघांपेक्षा जास्त चढू नये. आणि एक विनंती. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे आहेत. गेल्या वेळी एका उत्साही गृहस्थांनी मदत म्हणून पाना लावला, जोर केला आणि बोल्टच तोडला. डाव्या चाकाला कृपा करून कोणी हात लावू नये.